कामावर ठेवताना : पडताळणी आणि संशय

कामाच्या शोधात एखादा माणूस दारात येऊन उभा राहतो, तेव्हा मालकाने त्याला काय विचारावे? काम येते का, हे विचारावे. याआधी कुठे होतास, तिथून का निघालास, हेही विचारावे. यात कुणाला गैर वाटत नाही. परंतु ‘तुला या देशात काम करण्याचा कायद्याने अधिकार आहे का?’ हा प्रश्न आला की गोष्ट वेगळी होते. हा प्रश्न एका माणसाने दुसऱ्या माणसाला विचारलेला नसतो. तो राज्यसंस्थेचा प्रश्न असतो आणि मालकाच्या तोंडून मजुराला विचारला जातो. विचारणाऱ्याला त्याचे नेमके उत्तर ठाऊक नसते आणि ज्याला विचारले त्याची त्या दिवसाची रोजी मात्र त्यावर अडलेली असते. म्हणूनच हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही, नीतीचाही आहे. आणि आज तो आपल्या समाजाच्या उंबऱ्याशी येऊन ठेपला आहे.

नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गे समुद्राकडे गेले की कळंब लागते. किनाऱ्याला रिसॉर्ट आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसे येतात. या धंद्याला स्वयंपाकी लागतात, वाढपी लागतात, रात्रीचे राखणदार लागतात. नव्या खोल्या बांधायला काढल्या की गवंडी, लादीवाले, रंगारी लागतात. समजा, अशाच एका रिसॉर्टच्या मालकाकडे एकाच दिवशी तिघे जण काम मागायला आले. एक नेपाळचा, राखणदारीसाठी. दुसरा उत्तर प्रदेशातला, स्वयंपाकी. त्याच्या नावावरून काही शंका येत नाही. तिसरा पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातला वीस वर्षांचा मुसलमान तरुण, लादी बसवणारा. मालक तिघांचे ओळखपत्र पाहतो, झेरॉक्स ठेवून घेतो. पहिल्या दोघांची चौकशी तिथेच संपते. तिसऱ्याला तो सांगतो, “जन्माचा दाखला आण, वडिलांचे मतदार कार्ड आण, पोलीस व्हेरिफिकेशन करून आण, मग बघू.”

हा मालक दुष्ट आहे असे मी म्हणत नाही. तो घाबरलेला आहे, आणि त्याच्या भीतीला कारणही आहे. त्याकडे आपण पुढे वळूच. पण कायद्याच्या बाजूने पाहिले तर या तिघांत परदेशी एकच आहे आणि तो आहे पहिला. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी जो करार झाला, त्याच्या आधाराने नेपाळचा नागरिक इथे येऊ शकतो, राहू शकतो, रोजगार करू शकतो. म्हणजे परदेशी असूनही तो पात्र आहे. मालद्याचा तरुण तर या देशाचाच नागरिक आहे आणि हवे तिथे जाण्याचा, राहण्याचा, कोणताही व्यवसाय करण्याचा त्याचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या कलमात लिहिलेला आहे. तरीही अडला तोच. मालकाने कायदा तपासला नाही, त्याने नाव आणि बोली तपासली.

आता कोणी म्हणेल, मग मालकाने नेमके काय तपासायला हवे होते? इथेच खरी अडचण आहे. आपल्या देशात बहुसंख्य मालक आधार कार्ड मागतात आणि ते मिळाले की निश्चिंत होतात. परंतु २०१६ च्या आधार कायद्यातच म्हटले आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. नोंदणीच्या अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस ज्याचे इथे वास्तव्य झाले, तो रहिवासी या नात्याने आधारला पात्र ठरतो. पॅन कार्ड प्राप्तिकराच्या हिशेबासाठी असते. मतदार कार्ड नागरिकालाच मिळायला हवे, पण ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका जामीन अर्जावर निकाल देताना स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड जवळ आहे एवढ्यावरून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही.

मग नागरिकत्व ठरते कशावर? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यावर. त्या कायद्याचे जन्माविषयीचे नियम वयानुसार बदलतात. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो सामान्यतः जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक असला पाहिजे. त्यानंतर जन्मलेल्याचे आईवडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे वीस वर्षांच्या लादीवाल्याचे नागरिकत्व खरोखर तपासायचे तर मालकाला त्याच्या आईवडिलांचे कागद पाहावे लागतील, आणि आईवडिलांचे तपासायचे तर कदाचित आजोबांचे. कळंबच्या रिसॉर्टच्या कचेरीत बसून हे कोण करणार? आणि हाच न्याय सरसकट लावला तर त्या मालकाला स्वतःच्या मुलाचे नागरिकत्व तरी एका दिवसात सिद्ध करता येईल का?

आपल्या घरांतली कागदपत्रे आठवून पाहा. शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, रेशन कार्डावर ‘मोहम्मद’, आधारवर नुसते ‘मो.’, आईचे नाव कुठे ‘बी’ लावून, कुठे ‘बेगम’ लावून, लग्नानंतर कुठे ‘खातून’. कोणी खोटे लिहिलेले नसते. लिहिणाऱ्या कारकुनाला जसे ऐकू आले तसे त्याने उतरवलेले असते.

उत्तर देणारा कागद नाही, पण प्रश्न तर विचारायचा आहे. अशा वेळी ती रिकामी जागा कशाने भरली जाते? नावाने, दाढीने, लुंगीने, बंगाली बोलीने. बंगाली ही पश्चिम बंगालची आणि त्रिपुराचीही भाषा आहे, आसामच्या बराक खोऱ्याची आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. हे आजचे नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतल्या बंगाली जरीकामगारांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने पूर्वेकडे नेले जात होते. पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवली आणि त्यांना उतरवून घेतले. जून २०२५ मध्ये हीच गोष्ट अधिक कठोर रूपात घडली. महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही जणांना पकडून सीमेपार बांगलादेशात ढकलण्यात आले. त्यांत मीरा रोडला राहून गवंडीकाम करणारा मुर्शिदाबादचा एक माणूस होता. पश्चिम बंगाल सरकारने त्यांचे कागद पुढे केले, पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना परत आणण्यात आले. मीरा रोड आणि कळंब एकाच पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. मालद्याच्या तरुणाला मालक जेव्हा “मग बघू” म्हणतो, तेव्हा त्या तरुणाच्या मनात काय येत असेल ते समजायला फार दूर जावे लागत नाही.

आता मालकाची बाजू. ती न ऐकता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सीमा ओलांडून, कागदाविना आलेली माणसे या महानगराच्या परिसरात मुळीच नाहीत, असे कोणी म्हणू शकत नाही. आपल्या भूमीत कोणी यावे, कोणी राहावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. जुन्या कायद्याप्रमाणे नव्यातही आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच आहे, आणि बेकायदा राहणाऱ्याला साहाय्य करणाराही अडचणीत येऊ शकतो. मालकाला धंदा आहे, बायकामुले आहेत, शेजारी आहेत. उद्या पोलीस आले तर झळ त्यालाही लागणार. त्याने काहीच न विचारता कुणालाही ठेवावे, असा उपदेश करणे सोपे आहे, पण तो उपदेश करणारा त्याचा दंड भरायला येणार नाही.

परंतु याच जुन्या कायद्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामातल्या एका मुसलमान माणसाच्या प्रकरणात जे सांगितले ते लक्षात घ्यायला हवे. न्यायालयाचा आशय असा, की सिद्ध करण्याची जबाबदारी माणसावर असली तरी कुणालाही रस्त्यातून उचलून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ असे सांगता येणार नाही. संशयाला आधी काही ठोस आधार हवा आणि तो आधार त्या माणसाला कळवायला हवा. नावाच्या स्पेलिंगमधले किंवा तारखेतले किरकोळ फरक हे नागरिकत्व हिरावून घेण्याचे कारण होऊ शकत नाही. आता विचार करा. ज्या राज्यसंस्थेकडे पोलीस आहेत, दफ्तरे आहेत, न्यायाधिकरणे आहेत, तिलाही जर नुसत्या नावावरून संशय घेण्याचा अधिकार नाही, तर ज्याच्यापाशी यातले काहीच नाही अशा मालकाला तो कुठून आला?

हा पेच फक्त आपलाच नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये एक कायदा झाला. त्याने प्रत्येक मालकावर नव्या कामगाराचा काम करण्याचा अधिकार तपासण्याची सक्ती केली. त्यासाठी ‘आय-९’ नावाचा फॉर्म आहे. पण त्याच कायद्याने मालकाचे हातही बांधले. हा फॉर्म प्रत्येक नव्या कामगाराकडून भरून घ्यायचा, तो जन्माने अमेरिकी असो की काल आलेला असो. ठरलेल्या यादीतले कोणते कागद दाखवायचे ते कामगाराने निवडायचे. कागद दिसायला खरा वाटत असेल तर तो स्वीकारायचा. चेहरा किंवा उच्चार परका वाटतो म्हणून कामावर ठेवताना भेदभाव करणे बेकायदा. एवढी काळजी घेऊनही १९९० मध्ये तिथल्या संसदेच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या सुमारे दहा मालकांनी या कायद्यामुळे परक्या दिसणाऱ्या, परक्या उच्चाराच्या माणसांबाबत भेदभाव सुरू केल्याचे आढळले.

ब्रिटनचा अनुभव आणखी कडू आहे. जून १९४८ मध्ये ‘विंडरश’ नावाचे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसे घेऊन तिथे पोहोचले आणि पुढची वीसेक वर्षे अशी माणसे ब्रिटनच्या इस्पितळांत, बसगाड्यांवर, कारखान्यांत राबली. ती कायदेशीर रहिवासी होती, परंतु अनेकांना तसा कागद कधी दिलाच गेला नव्हता. पुढे मालक, घरमालक, बँका यांच्यावर कागद तपासण्याची सक्ती वाढत गेली आणि आयुष्यभर काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांना ‘तुझा अधिकार सिद्ध कर’ असे सांगण्यात आले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर घालवण्यात आले. त्यांच्या आगमनाची नोंद असलेल्या कार्डांचा गठ्ठा तर सरकारी खात्याने २०१० मध्ये स्वतःच नष्ट केला होता. २०१८ मध्ये हे सारे उघडकीस आले आणि सरकारला माफी मागावी लागली. पुरावा सरकारने जाळायचा आणि तो मागायचा मात्र म्हाताऱ्याकडे, असा तो न्याय होता.

या सगळ्याकडे आपल्या धर्मविचाराच्या प्रकाशात पाहिले तर काय दिसते? कुरआन शरीफमध्ये, सूरह अल-कससमध्ये, हजरत मूसा (अ.) यांची कथा येते. त्यांच्या हातून मिसर देशात एक माणूस मरण पावला होता आणि ते जीव वाचवून मदयनला आले होते. परका मुलूख, ओळख देणारा कोणी नाही, मागे राजाची माणसे. विहिरीवर दोन मुली आपली जनावरे घेऊन ताटकळत उभ्या होत्या. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि सावलीत जाऊन बसले. त्या मुलींच्या वृद्ध पित्याने त्यांना बोलावून घेतले. आधी त्यांची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग आता भिऊ नकोस म्हणून धीर दिला. मुलीने पित्याला सुचवले की याला चाकरीला ठेवा, कारण जो अंगाने समर्थ आहे आणि विश्वासू आहे तोच चाकरीला उत्तम. त्यानंतर पित्याने कराराच्या अटी, वर्षांची मुदत, सगळे स्पष्ट सांगितले आणि आपण तुला जाचक होऊ इच्छित नाही असेही सांगितले.

त्या काळी आजच्यासारख्या सीमा नव्हत्या, पासपोर्ट नव्हते. त्यामुळे या कथेतून आजचा कायदा काढता येणार नाही, हे मान्य. पण चौकशीचा क्रम पाहण्यासारखा आहे. चौकशी झाली, ती टाळली गेली नाही. पण ती माणसाच्या वागण्यावरून झाली, त्याच्या वंशावरून नाही. आणि ती ऐकून घेऊन झाली.

सूरह अल-हुजुरातमध्ये पडताळणीची आज्ञाही आहे आणि संशयाची मनाईही आहे. कोणी बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, असे तिथे सांगितले आहे. आणि त्याचे कारण काय दिले आहे? अजाणतेपणी तुमच्या हातून कुणाचे नुकसान होऊ नये आणि मागाहून पस्तावण्याची वेळ येऊ नये. त्याच सूरहमध्ये पुढे, फार संशय घेऊ नका, काही संशय गुनाह ठरतात, दुसऱ्याच्या मागावर राहू नका, असे बजावले आहे. म्हणजे शहानिशा ही समोरच्या माणसाचे नुकसान टाळण्यासाठी आहे. ज्या चौकशीचा हेतूच फक्त स्वतःला वाचवणे आणि समोरच्याला अडवणे एवढा आहे, तिला पडताळणी हे नाव शोभत नाही. तो संशयच असतो, कागदाचा बुरखा घेतलेला.

येथवर वाचताना आपल्यापैकी अनेकांना वाटले असेल की हे सारे ‘त्यांनी’ ऐकायला हवे. थोडे आपल्या घरातही पाहू. भिवंडी-मुंब्र्यापासून वसई-नालासोपाऱ्यापर्यंत कारखाने, बेकऱ्या, जरीची आणि चामड्याची कामे, इमारतींचे ठेके आपल्याही लोकांच्या हातात आहेत. बंगाली बोलणाऱ्या कारागिराला पाहून आपलाही मालक दचकतो. आपल्यावर आधीच नजर आहे, आणखी बला नको, असे म्हणून तो इतरांपेक्षा दोन कागद जास्तच मागतो. ज्या तराजूने आपण तोलले जातो आणि दुखावतो, तोच तराजू आपण आपल्याहून दुबळ्यासाठी हातात घेतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. कागद कच्चे असलेला कामगार स्वस्त पडतो. तो तक्रार करत नाही, हजेरी मागत नाही, जादा वेळेचे पैसे मागत नाही, कारण त्याला एका शब्दात गप्प करता येते. अशा वेळी मालकाला त्याचे कागद पक्के व्हावेत असे वाटतच नाही. तपासणीची भीती त्याच्या गल्ल्यात पैसे टाकत असते. कामगाराकडून पुरेपूर काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, असे हदीसमध्ये सांगितले आहे. त्यात कामगाराचे कागद पाहून सूट दिलेली नाही. ज्याला कामावर ठेवायला नको होते असे नंतर कळले, त्याचीही झालेल्या दिवसांची मजुरी ही त्याची अमानतच आहे. त्याला कामावरून काढणे कायद्याला धरून होईल; त्याचे पैसे बुडवणे मात्र चोरीच होईल.

कोकणातल्या आपल्या घरांना तर हे वेगळे सांगायला नको. गावागावांतून माणसे आखातात गेली. तिथे कफील पासपोर्ट काढून आपल्या कपाटात ठेवत असे आणि इकामा हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागत असे, हे कुणाच्या वडिलांनी, कुणाच्या मामूंनी सांगितलेले असते. कफील म्हणजे मुळात दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेणारा, जामीन राहणारा. पुढे त्याच शब्दाचा अर्थ दुसऱ्याचा कागद दाबून ठेवणारा असा होत गेला. मूळ आधार कार्ड ‘जमा’ करून घेणारा इथला मुकादम त्याच वाटेने चालला आहे. सूरह अन-निसामध्ये प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसाविषयी शहानिशा करायला सांगताना, तुम्हीही पूर्वी असेच होता, याची आठवण करून दिली आहे. ती आठवण आपल्याला फार लवकर विसरायला होते.

मग मालकाने करावे तरी काय? माझ्या मते तीन गोष्टी पाळल्या तर पडताळणी आणि संशय यांच्यातला फरक राखता येतो. पहिली, जे विचारायचे ते सर्वांना सारखे. आधारची प्रत घ्यायची तर नेपाळी वगळता सगळ्यांची, पोलीस व्हेरिफिकेशन करायचे तर मालदा, आझमगड आणि वसई या तिघांचेही. दुसरी, यादी आधी ठरलेली असावी. माणूस समोर उभा राहिल्यावर, त्याचे नाव ऐकल्यावर ती वाढू नये. तिसरी, चौकशीला शेवट असावा. ठरलेले कागद मिळाले, ते वरवर खरे दिसले, की मालकाचे काम संपले. पुढचे तपासणे ज्याचे काम आहे त्या राज्यसंस्थेने ते आपल्या नियमाने आणि ठोस आधार असेल तरच करावे. मूळ कागद कामगाराला परत द्यावेत आणि त्याचे नाव, पगार, रुजू झाल्याची तारीख लिहिलेले पत्र त्याच्या हाती द्यावे. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि नेमणूक पत्र देणे ही आता मेहरबानी उरलेली नाही. परमुलखातल्या मजुराजवळ आपण इथे इमानाने काम करतो हे सांगणारा बहुधा तो पहिलाच कागद असतो.

यातून कदाचित एखादा अपात्र माणूस कामाला लागेल. ही शक्यता नाकारता येत नाही. पण दुसऱ्या बाजूला काय आहे तेही तोलून पाहावे. एका अपात्र माणसाला अडवण्यासाठी नावावरून दहा पात्र माणसांची रोजी तोडायची, हा सौदा कायद्यात बसत नाही आणि दीनमध्येही बसत नाही. राज्यसंस्थेला तिची चूक सुधारायला न्यायालये आहेत. ज्याची आठ दिवसांची मजुरी बुडाली, ज्याच्या घरी त्या महिन्यात पैसे गेले नाहीत, त्याची ती भूक मागाहून कोणत्याही निकालाने भरून निघत नाही.